डी-२८ की एचडी-२८?

एडिसन, न्यू जर्सी
१२ फेब्रुवारी २०२३

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

‘गिटार घेतलीस की नाही ते आधी कळव, खुशाली नंतर’ असे तू बजावले आहेस, म्हणून थेट तिथूनच सुरुवात करतो. गिटार ठरली. पण ती ठरेपर्यंत तीन शनिवार गेले आणि पहिल्या शनिवारी जी घेणार होतो ती शेवटी घेतली नाही. हे का झाले ते तुलाच सविस्तर सांगावेसे वाटते, कारण यातला निम्मा विषय लाकडाचा आहे आणि तुझे बालपण वडिलांच्या वखारीत गेले आहे.

दोन्ही गिटारी मार्टिन कंपनीच्या. एकीचे नाव डी-२८ आणि दुसरीचे एचडी-२८. शेजारी शेजारी ठेवल्या तर चटकन वेगळ्या ओळखूही येत नाहीत. दोघींचा आकार ‘ड्रेडनॉट’ म्हणतात तो, रुंद कमरेचा आणि भरदार. दोघींची वरची फळी, म्हणजे सतारीच्या भाषेत तबली, सिट्का स्प्रूसची. आणि पाठ व बाजू आपल्या शिसवी लाकडाच्या. १९६९ पर्यंत डी-२८ ब्राझीलच्या रोझवूडची होत असे. ब्राझीलमधून ओंडके येणे बंद झाल्यावर पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावच्या या कंपनीने भारतीय शिसव धरला. सह्याद्रीपासून खाली दक्षिणेपर्यंतच्या रानांत वाढणारे, जुन्या वाड्यांतल्या पलंगांचे आणि देव्हाऱ्यांचे ते जांभळट काळे लाकूड इथल्या दुकानात भिंतीवर टांगलेले पाहिले, तेव्हा मला तुमच्या वखारीतला भुशाचा वास आठवला.

मग फरक कशात? बाहेरून पाहायचा तर एचडीच्या कडेला काळ्या-पांढऱ्या बारीक तुकड्यांची, माशाच्या काट्यासारखी नक्षी आहे. तिला हेरिंगबोन म्हणतात आणि नावातला ‘एच’ तिचाच. खरा फरक पोटात आहे. तबलीला आतून इंग्रजी एक्सच्या आकारात लाकडी पट्ट्यांचा आधार दिलेला असतो, कारण सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास जातो आणि आधाराशिवाय ती पातळ फळी तो सोसू शकणार नाही. डी-२८ मध्ये या पट्ट्या सरळ उताराच्या ठेवतात. एचडीमध्ये त्याच पट्ट्या पटाशीने मधे मधे खोलगट कोरलेल्या असतात, त्यामुळे तबली हलकी होते आणि बोट लागताच थरारते. पूर्वी डी-२८ सुद्धा अशीच कोरलेली असे. लोक जाड तारा लावू लागले, त्या ताणाने तबल्या फुगू लागल्या, म्हणून १९४४ च्या अखेरीस कोरणे थांबवले. पुढे काही वर्षांत ती हेरिंगबोनची किनारही गेली. या दोन्ही गोष्टी १९७६ मध्ये एचडी-२८ च्या रूपाने परत आल्या.

पहिल्या शनिवारी मी एचडी मांडीवर घेतली आणि खर्जाची तार छेडली, तेव्हा तो नाद छातीच्या पिंजऱ्यात जाणवला. विनायक, असे वाद्य मी आयुष्यात हातात धरले नव्हते. नुसत्या अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवले तरी ती पूर्ण बोलत होती. त्यानंतर वाजवलेली डी-२८ मला कोरडी आणि थोडी अबोल वाटली. पैसे देण्याच्या बेतात होतो. केवळ घरी पुन्हा एकदा बोलावे म्हणून परत आलो.

रात्री लक्षात आले की तुलनाच चुकीची होती. डी-२८ वर जुन्या, काळवंडलेल्या तारा होत्या आणि एचडीवर कोऱ्या. दुसऱ्या शनिवारी दुकानदाराला विनंती करून दोघींवर एकाच जातीच्या, एकाच मापाच्या फॉस्फर ब्राँझच्या नव्या तारा चढवून घेतल्या. अंतर बरेच कमी झाले, तरी मन एचडीकडेच झुकत होते. तिसऱ्या शनिवारी मुलीला सोबत नेले. मी तिच्याकडे पाठ करून बसलो, कोणती गिटार हातात आहे हे तिने सांगायचे नाही असे ठरले, आणि ती तेच चार कॉर्ड वाजवत राहिली असता मी गायलो. आपण गाणारी माणसे, वाद्य गाण्यासाठी घेत आहोत, ही साधी गोष्ट मी दोन आठवडे विसरलो होतो.

माझी पट्टी पांढरी एक, आवाज खर्जाचा, हे तू जाणतोसच. एका गिटारीबरोबर गाताना मंद्रातला पंचम मला स्वतःलाच ऐकू येईना. तो तारांच्या गुंजनात बुडून जात होता आणि मी नकळत आवाज चढवत होतो. दुसरीबरोबर प्रत्येक शब्द सुटा राहिला. खाली शिसवी लाकडाचा गाभारा तसाच भरलेला, पण मधे गळ्यासाठी जागा मोकळी. आम्ही पाच वेळा अदलाबदल केली आणि पाचही वेळा मी ज्या गिटारीला होकार दिला ती डी-२८ निघाली. एकट्याने बोटांनी सुरावट वाजवणाऱ्याला मी आजही डोळे झाकून एचडीच घ्यायला सांगेन.

किमतीत काही शे डॉलरचा फरक होता, पण त्याने काही ठरले नाही. परवान्याबद्दल तू विचारले आहेस: २०१७ पासून शिसवी वाद्ये देशाबाहेर नेण्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध होते, मात्र नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी ती माझ्याबरोबर रत्नागिरीला येईल.

चिंता हवेची आहे. अशा अस्सल लाकडाच्या वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. इथे हिवाळ्यात हीटरमुळे घर इतके कोरडे होते की पेटीत ओलावा देणारी पुडी ठेवावी लागते, आणि तिकडे आषाढात नेमके उलटे. तेव्हा एक काम कर. एक साधा आर्द्रतामापक विकत घेऊन जुलैमध्ये पंधरा दिवस तुझ्या माडीवरच्या खोलीत आणि पंधरा दिवस माजघरातल्या शिसवी कपाटात ठेव, आणि सकाळ-संध्याकाळचे आकडे मला लिहून पाठव. गिटार कुठे ठेवायची ते त्यावरून ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर