पहिलं टर्बोप्रॉप ट्रेनर १९८४ सालीच उडालं होतं

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातली ओझरला बनणाऱ्या एचटीटी-४० या नव्या वैमानिकांना शिकवायच्या विमानाची बातमी वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही म्हणून सकाळीच लिहायला बसलो. तुमच्या वार्ताहराने ठोकून दिलंय की हे भारतात बनलेलं पहिलं टर्बोप्रॉप ट्रेनर, म्हणजे टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणारं शिकवायचं विमान. पहिलं नाही हो! जून १९८४ मध्ये एचटीटी-३४ उडालं होतं, तेही एचएएलचंच, म्हणजे आपल्या सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचंच. विमान आपलं एचपीटी-३२ दीपकचंच, फक्त नाकातलं २६० हॉर्सपॉवरचं पिस्टन इंजिन काढून तिथे ४२० चं अ‍ॅलिसन टर्बोप्रॉप बसवलेलं. ते एअरफोर्सने घेतलं नाही आणि सगळी पोरं पिस्टनवाल्या दीपकवरच शिकत राहिली.

मी एअरफोर्समध्ये इंजिन फिटर होतो, दीपकवर हात काळे केलेत. पायलट उतरून फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहायचा, इंजिन रफ चालतंय. आम्ही खोलायचो, फ्युएल लाइन बघायचो, प्लग बदलायचो, ग्राउंड रन घ्यायचो, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून बघायचो, तर इंजिन एकदम ठणठणीत. मग सही करून विमान परत लाइनवर. एकदा आमच्या तळावरच्या एका कॅडेटचं इंजिन हवेतच बंद पडलं, एकटाच होता, पोराने शेतात उतरवलं आणि वाचला. दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये आला, मला म्हणाला, "सार्जंट, प्रॉब्लेम क्या था?" वीस-एकवीस वर्षांचं पोर, आणि माझ्याकडे त्याला द्यायला उत्तरच नव्हतं. कोणाकडेच नव्हतं. दीपकला इजेक्शन सीट, म्हणजे पायलटला विमानाबाहेर फेकून वाचवणारी सीट, नाही हे लक्षात घ्या, म्हणजे इंजिन गेलं की खाली मोकळं शेत मिळालं तर मिळालं. जुलै २००९ मध्ये मेडक जिल्ह्यात दोन वैमानिक गेले तेव्हा कुठे हे विमान जमिनीवर बसवलं, तोवर १७ अपघात आणि १९ जीव गेले होते. टर्बोप्रॉप घेतलं असतं तर सगळे वाचले असते असा दावा मी करणार नाही, पण दुसरं इंजिन बसवून, उडवून दाखवलेलं असताना ते बाजूला का पडलं हे विचारायला नको का? वर्तमानपत्राने नाही विचारायचं तर कोणी?

दीपक बंद झाल्यावर नवी पोरं थेट किरण जेटवर बसवायला लागली, जे खरं तर पुढच्या टप्प्याचं विमान. मग २०१२ मध्ये स्वित्झर्लंडची ७५ पिलाटस ट्रेनर विमानं घेतली. एचटीटी-४० त्या वेळी एअरफोर्सला नको होतं, एचएएलने स्वतःच्या पैशातून बनवलं. ३१ मे २०१६ ला सुब्रमण्यम आणि वेणुगोपाल या दोन निवृत्त ग्रुप कॅप्टननी ते पहिल्यांदा उडवलं, नंतर स्पिनमधून, म्हणजे गरगर फिरत खाली येणाऱ्या विमानाला त्यातून, बाहेर काढायचं गणित जमवायला कितीतरी काळ गेला, आणि मार्च २०२३ मध्ये ७० विमानांची ऑर्डर आली. ही खरी मेहनत. तुमच्या बातमीत स्टेजवरच्या प्रत्येक पुढाऱ्याचं नाव पदासकट आहे, या दोघांचं नाही. यात झिरो-झिरो इजेक्शन सीट आहे, म्हणजे विमान जमिनीवर उभं असलं तरी पायलट सुखरूप बाहेर पडतो, माझ्यासारख्याला याचं किती बरं वाटलं ते शब्दात सांगता येत नाही, पण त्याचीही एक ओळ नाही.

आणि फोटो! चार कॉलमी फोटो छापलाय आणि तो पिलाटसचा आहे. नाशिकचा पेपर, विमान ओझरला बनतंय, फोटोग्राफर अर्ध्या तासात गेटवर पोचेल, तरी फोटो स्विस विमानाचा. माझ्या नातवाने तो कापून शाळेच्या प्रोजेक्टच्या वहीत चिकटवलासुद्धा, आता उपटून काढावा लागणार.

तरी एचटीटी-३४ बद्दल निदान चार ओळींचा खुलासा आणि एचटीटी-४० चा खरा फोटो छापावा ही विनंती. दुसरं म्हणजे टाउनशिपमध्ये तुमचा अंक हल्ली साडेनऊच्या आधी येत नाही, पोराला विचारलं तर म्हणतो गाडीच उशिरा येते. एजंटला तीनदा सांगून झालं, आता तुम्हीच बघा.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त सार्जंट, ओझर मिग