पावसाळ्यात उभी राहणारी जुनी गाडी आणि टाकीतले पेट्रोल

संपादक महोदय,

जून उजाडला की मुंबईतल्या बऱ्याच जुन्या फियाट, ॲम्बेसेडर आणि जीप कव्हरखाली जातात, त्या थेट दसऱ्याला बाहेर येतात. ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी केली असेल, तर एरवीही ती रोजच्या वापरात नसते. अशा गाड्यांचे बॅटरी आणि टायर सगळेच बघतात. टाकीतल्या पेट्रोलकडे मात्र दिवाळीआधी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली की मगच लक्ष जाते.

‘उभी करताना टाकी काठोकाठ भरा’ हा सल्ला मूळचा थंड देशांतला. टाकी अर्धी रिकामी असली की तिथल्या हिवाळ्यात पत्र्याला आतून दव धरते. मुंबईच्या पावसाळ्यात दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. इथले पाणी बहुतेक वेळा टाकीच्या झाकणातून शिरते. झाकणाचा वॉशर कडक झालेला असतो, वर ओले कव्हर चिकटून असते आणि थेंब थेंब आत झिरपत राहतो. त्यामुळे पहिला खर्च नव्या वॉशरचा. झाकणाला चिकटपट्टी मात्र गुंडाळू नये. जुन्या झाकणांना हवेचे बारीक छिद्र असते, ते बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि चालती गाडी थोड्या अंतरावर बंद पडते.

ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, आल्यापासून या पाण्याचा हिशोब बदलला आहे. साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, ते तळाशी वेगळे बसते. इथेनॉल पाणी धरून ठेवते, आणि थोडे पाणी असेपर्यंत ते इंजिनात जळूनही जाते. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्रच पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला थर धरतात. पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तिथेच असते. हा थर पत्र्याला गंज आणि कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) आत पांढरी भुकटी धरवतो. वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमताही, घसरलेले असते. एकदा थर सुटला की कुठलेही औषध उपयोगाचे नाही, सगळे उपसावेच लागते.

गाडी चार महिने उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ नव्हे, साधारण ९५ टक्के भरावी, पेट्रोलला फुगायला जागा ठेवावी. फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारे औषध, बाटलीवरच्या प्रमाणात आधी टाकीत ओतावे आणि त्यावर ताजे पेट्रोल भरावे, म्हणजे ते नीट मिसळते. मग गाडी १५-२० किलोमीटर फिरवावी. हे न केल्यास औषध टाकीतच राहते आणि कार्बोरेटरच्या वाटीत जुनेच पेट्रोल उरते. ते उडून गेल्यावर तळाला मधासारखा चिकट थर धरतो, आधी आयडलचा बारीक जेट (उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणारे पेट्रोलचे छिद्र) बुजतो आणि मग चोक ओढल्याशिवाय इंजिन चालू राहत नाही.

सहा महिन्यांहून जास्त काळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी केलेली बरी. काढलेले पेट्रोल धातूच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्येच ठेवावे. विनापरवाना ३० लिटरपर्यंतच साठा ठेवता येतो. आणि सोसायटीच्या जिन्याखाली तर एक लिटरही नको.

दर रविवारी ड्रायव्हरला खाली पाठवून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची पद्धत आम्हाला साफ चुकीची वाटते. इंजिन पुरते तापत नाही, चोकवरचे जास्तीचे पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचते. चालवायची तर नीट गरम होईपर्यंत रस्त्यावर चालवा, नाहीतर हात लावू नका.

पाइपांवर बारीक नजर हवी. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, पाइप आतून फुगतो आणि क्लिपपाशी चिरतो. दुचाकीच्या दुकानातला स्वस्त पारदर्शक पाइप तर पिवळा आणि कडक होऊन नळीवरून सुटतो. खाली तापलेला एक्झॉस्ट असतो, पुढचे सांगायला नको. नवा पाइप घेताना त्यावर इंधनाच्या पाइपाच्या दर्जाचा ‘एसएई ३०आर९’ असा छाप पाहून घ्यावा.

पावसाळ्यानंतर सेल्फ मारण्याआधी टाकीच्या तळातून अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवावे. दोन थर, गढूळपणा किंवा आंबूस, वार्निशसारखा वास असेल तर ते इंजिनात जाऊ देऊ नये.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हेही घरी तपासता येते. मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवावे आणि दहा मिनिटे थांबावे. तळाचा थर १० मिलीवरच राहिला तर इथेनॉल नाही. २५ मिलीच्या वर चढला तर ते ई-२० समजावे. अर्थात ग्राहकाने मोजपात्र घेऊन पंपावर जावे, ही काही व्यवस्था नव्हे. तेल कंपन्यांनी प्रत्येक नोझलजवळ इथेनॉलची टक्केवारी ठळक लिहावी, आणि मुंबईत निदान काही पंपांवर इथेनॉलविरहित पेट्रोल नेहमीच्या दराच्या जवळपास मिळावे, ही आमची मागणी आहे.

– जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करणारे काही जण, लालबाग, मुंबई