बॅरी सँडर्सची पहिली दोन वर्षे

महोदय,

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (चेंडू हातात घेऊन धावण्याच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये) बॅरी सँडर्सचे नाव निघाले की १९८८ चाच हंगाम सांगितला जातो: ११ सामन्यांत धावून मिळवलेले २,६२८ यार्ड, ३७ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात नेऊन केलेले गुण) आणि वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइजमन करंडक. मला त्याआधीची दोन वर्षे जास्त मोलाची वाटतात. कॅन्ससमधल्या विचिटाचा हा मुलगा जेमतेम पाच फूट आठ इंचांचा. मोठ्या विद्यापीठांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने घेतले, पण तिथे रनिंग बॅकची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या मुख्य खेळाडूची, जागा थर्मन थॉमसकडे होती, पुढे एनएफएल ही व्यावसायिक लीग गाजवणाऱ्या! मग सँडर्सने वाट्याला आलेले किकऑफ परतवण्याचे (प्रतिस्पर्ध्याने खेळ सुरू करताना लाथाडलेला चेंडू झेलून पुढे धावण्याचे) काम मन लावून केले. १९८७ मध्ये त्यात देशातली सर्वोत्तम सरासरी त्याचीच होती. थॉमस गेल्यावर, १९८८ च्या सलामीच्या सामन्यातला पहिलाच किकऑफ त्याने १०० यार्ड धावत थेट टचडाउनपर्यंत नेला.

आज तिथले खेळाडू वर्षभरातच संघ बदलतात. त्यांना मी दोष देत नाही, कारकीर्द फार छोटी असते. पण राखीव खेळाडूला असे खरे काम प्रशिक्षकांनी द्यायलाच हवे. आपल्या क्रीडापानानेही विक्रमांबरोबर अशा वर्षांना जागा द्यावी, ही विनंती.

- एक नियमित वाचक, पुणे