मुलींना आधी ट्रॅकवर आणा

मा. संपादक,

थंडी पडली की गावोगावी रस्त्यावरच्या शर्यतींचे फलक लागतात आणि उद्घाटनाच्या भाषणात ललिता बाबर यांचे नाव हमखास निघते. माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी मॅरेथॉन जिंकत जिंकत ऑलिंपिकला गेली, तुम्हीही पळा, असा एकूण सूर. मुलींनी पळावे यात वादच नाही. पण ललिता यांची कारकीर्द अशी अर्धवट सांगितली की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला दर रविवारी डांबरी रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर पळवणाऱ्यांचे आयतेच फावते. ललिता यांच्या वेळा पाहिल्या तर चित्र वेगळे दिसते.

मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे त्या भारतीय महिलांत पहिल्या आल्या. तेव्हा त्यांचे वय २२ ते २४ होते, १५ नव्हे. २०१४ ची वेळ २ तास ५० मिनिटे ३१ सेकंद, म्हणजे किलोमीटरला साधारण ४ मिनिटे २ सेकंद. पेडर रोडचा चढ तिथे शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये, पाय जड झालेले असताना येतो. त्या मार्गावर ही धाव भक्कमच. तरीही रिओ ऑलिंपिकसाठी महिला मॅरेथॉनची पात्रता २ तास ४५ मिनिटे होती. मॅरेथॉनच्या या वेळेवर त्यांना रिओ गाठता आले नसते.

त्यांना ऑलिंपिकला नेले ते ३००० मीटर स्टीपलचेसने, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत ट्रॅकवर पळायच्या शर्यतीने. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत आठवे स्थान. १३ ऑगस्ट २०१६ रोजी रिओच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम आणि दोन दिवसांनी अंतिम फेरीत दहावे स्थान. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरीतून अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला तोवर झाली नव्हती. विक्रमाचा हा वेग किलोमीटरला ३ मिनिटे ७ सेकंदांच्या आत आहे, तोही २८ अडथळे आणि ७ पाणउड्या घेत.

मॅरेथॉनचा दम इथे कामाला येतो, पण तेवढ्यावर भागत नाही. महिलांच्या स्टीपलचेसचा अडथळा ७६.२ सेंटिमीटर उंच असतो आणि पाय लागला तरी तो पडत नाही, धावपटू पडते. लांब पल्ल्याच्या धावपटूचे पाऊल आखूड आणि गुडघा खाली असतो, म्हणून अडथळ्यापाशी ती पावले चाचपडते. प्रत्येक वेळी वेग मोडतो आणि तो पुन्हा पकडण्यात दम जातो. पाणउडीत एक पाय अडथळ्यावर ठेवून पुढे रेटायचे असते, वर उडायचे नसते. खड्डा अडथळ्याजवळ खोल आणि पलीकडे उथळ असतो, त्यामुळे जितके पुढे उतराल तितके पाणी कमी. उतरताना एक पाय पाण्यात आणि दुसरा थेट ट्रॅकवर. थकलेली मुलगी दोन्ही पायांनी पाण्यात बसते, आणि असे सात वेळा झाले की शर्यत गेलीच. हे कसब रस्त्यावर शिकता येत नाही. त्याला कमरेची लवचिकता, दोन्ही पायांनी अडथळा घेण्याचा सराव आणि ४०० व १००० मीटरचे वेगाचे तुकडे लागतात.

खुद्द मॅरेथॉनसाठीही वाट बहुधा ट्रॅकवरूनच जाते. भारताच्या मॅरेथॉन धावपटूंपैकी सुधा सिंग मुळात स्टीपलचेसच्या, ओ. पी. जैशा १५०० आणि ५००० मीटरही पळत. बीजिंगमध्ये २०१५ साली जैशा यांनी २ तास ३४ मिनिटे ४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, सुधा त्यांच्या मागे मिनिटभराच्या आत होत्या. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ यांनीही आधी क्रॉसकंट्री आणि १०,००० मीटर गाजवले, मग २८ व्या वर्षी पहिली मॅरेथॉन पळाल्या आणि पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटे २५ सेकंद नोंदवले.

कोवळ्या वयात नेमके काय बिघडते? हाडे अजून भरत असतात. त्यात रोजचे अंतर झटक्यात वाढवले, खाणे तोकडे पडले आणि पाळी अनियमित झाली की नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी दुखत असेल तर पळणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. स्प्रे मारून रविवारची शर्यत पळवू नये. वेळा घसरू लागल्या तर ‘मन लागत नाही’ म्हणून रागावण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (रक्तातून लोहाचा साठा कळतो ती तपासणी) तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असले तरी लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि मुलींमध्ये हे फार आढळते.

आयोजकांना विनंती, की सोळा वर्षांखालील मुलींची शर्यत तीन किलोमीटरच्या आत ठेवा आणि मोठे बक्षीस लांब अंतराला लावू नका. जिथे बक्षीस, तिथे पालक मुलीला उभे करणारच. तालुक्याला मातीचा ४०० मीटरचा ट्रॅक आखायला फार खर्च येत नाही. आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती: निकाल छापताना क्रमांकाबरोबर अंतर आणि वेळही छापा. ‘प्रथम क्रमांक’ एवढ्यावरून कोणत्याही प्रशिक्षकाला काही कळत नाही. ३००० मीटर १० मिनिटे ३० सेकंदांत पळणारी सोळा वर्षांची मुलगी मात्र त्याच्या लगेच नजरेत भरेल.

– एक ॲथलेटिक्स प्रशिक्षक, सातारा