तक्रार : ‘सिरॅमिक’ म्हणून विकलेल्या बेअरिंगमध्ये पोलादी छर्रे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ३.५ सीसी नायट्रो इंजिनाचं मागचं बेअरिंग (१४ × २५.४ × ६ मिमी) – वर्णनापेक्षा वेगळा माल, इंजिनाचं नुकसान आणि माझ्या मुलीवर ठेवलेला ठपका

संदर्भ : ऑर्डरची पावती व आपलं उत्तर सोबत जोडलं आहे.

महोदय / महोदया,

आपल्या ग्राहक सेवेनं माझी पहिली तक्रार दोन वाक्यांत मिटवली : बेअरिंग हा झिजणारा भाग आहे, त्याला वॉरंटी नाही, आणि ते चुकीच्या पद्धतीनं बसवलं गेलं असावं. पहिलं वाक्य मला मान्य आहे. मी भोसरी एमआयडीसीत ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, बेअरिंग झिजतं हे मला कुणी सांगायला नको. चुकीच्या बसवणीचं दुसरं वाक्य मान्य नाही, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

आमची गाडी रिमोटवर चालणारी, खऱ्या गाडीच्या १/८ मापाची बग्गी आहे. माझी मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि इंजिन तीच सांभाळते. पावसाळा संपताना फ्लायव्हील हातानं फिरवलं की आत वाळू असल्यासारखं खरखरायला लागलं. आयडल कधी वर, कधी खाली. कार्ब्युरेटरमध्ये इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईचं सेटिंग एका टाकीपुरतंसुद्धा टिकेना. ही क्रँकशाफ्टचं मागचं बेअरिंग गेल्याची लक्षणं. नायट्रो इंधनात मिथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. शिवाय नायट्रोमिथेन जळल्यावर जे आत उरतं ते आम्लधर्मी असतं. दिवसाच्या शेवटी टाकी पूर्ण संपवून गंज रोखणारं आफ्टर-रन तेल इंजिनात सोडायचं, हे ती न चुकता करते, तरी दोन हंगामांत पोलादी छर्ऱ्यांवर गंजाचे ठिपके आलेच. म्हणून या वेळी सिरॅमिक घ्यायचं तिनं ठरवलं. सिरॅमिकचे, म्हणजे सिलिकॉन नायट्राइडचे, छर्रे गंजत नाहीत. त्यांचं वजन त्याच मापाच्या पोलादी छर्ऱ्याच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे मिनिटाला ३०,००० च्या वर फेरे गेले तरी बाहेरच्या रेसवर (छर्रे जिच्यावर फिरतात त्या कडीवर) भार कमी पडतो. मागचं बेअरिंग दोन्ही बाजूंनी उघडं हवं, कारण त्याला वंगण मिळतं ते इंधनातल्या तेलातूनच. पुढचं ७ × १९ × ६ चं, बाहेरच्या बाजूला रबरी सील असलेलं. नाहीतर तिथून हवा शिरते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. हे सगळं तिनं वहीत लिहून काढलं, मग ऑर्डर दिली. आपल्या पानावर मागच्या बेअरिंगला ‘सिरॅमिक हायब्रिड’ (पोलादी रेस, सिरॅमिक छर्रे) असंच लिहिलेलं आहे, आणि त्यासाठी तिनं पोलादीच्या दुपटीहून जास्त पैसे मोजले, तेही स्वतःच्या साठवणीतले.

आता बसवणीबद्दल. मी शेजारी उभा होतो, हात तिचे होते. कार्ब्युरेटर, क्लच, फ्लायव्हील, बॅकप्लेट, पिस्टन, स्लीव्ह (पिस्टन जिच्यात वर-खाली होतो ती नळी), क्रँकशाफ्ट सगळं काढलं. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच, स्पिरिटनं धुऊन पूर्ण वाळवली, मग जुन्या ओटीजीत १५० अंशांवर तापवली. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं; एवढ्या तापमानाला २५.४ मिमीचं भोक सुमारे ७० मायक्रॉननं मोठं होतं. केस लाकडी फळीवर आपटली तसं जुनं बेअरिंग आपणहून खाली पडलं. नवं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, ते गरम केसमध्ये अलगद जाऊन बसलं. क्रँकशाफ्ट घालून ते सरळ बसल्याची खात्री केली आणि केस थंड होईपर्यंत कुणी हात लावला नाही. हातोडी या कामात कुठेही वापरली नाही. कारखान्यात मी शिकवलेल्या कितीतरी अप्रेंटिसांपेक्षा तिनं हे काम निगुतीनं केलं.

१२५ मिलीच्या चौथ्या टाकीत, सरळ रेषेत पूर्ण वेगात असताना, आवाज एकदम चिरका झाला आणि इंजिन जाम झालं. हेडवर टेम्परेचर गनचं शेवटचं माप १०८ अंश होतं, म्हणजे इंजिन तापलेलं नव्हतं. उघडल्यावर दिसलं ते असं : मागच्या बेअरिंगची केज (छर्रे सारख्या अंतरावर ठेवणारी जाळी) तडकून दोन तुकडे झालेली, छर्रे एका बाजूला गोळा झालेले, एक फुटलेला. त्याचे कण ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे क्रँककेसमधलं मिश्रण पिस्टनच्या वर नेणाऱ्या वाटांतून, वर गेले. पिस्टनच्या डोक्यावर खड्डे पडले आहेत आणि स्लीव्हच्या क्रोमवर वरपासून खालपर्यंत ओरखडे. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, तिथंच पिस्टन घट्ट बसून कॉम्प्रेशन मिळतं. ती घट्ट जागाच गेली. हा सेट दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. क्रँकशाफ्टवर बेअरिंग बसतं ती बैठकही तापून निळी पडली आहे.

फुटलेला छर्रा आतून चकचकीत पोलादी आहे आणि काळेपणा फक्त वरच्या थरापुरता. सिरॅमिक आरपार गडद असतं. बाकीचे नऊ छर्रे शाबूत होते. चुंबक धरल्यावर नऊच्या नऊ त्याला चिकटले. सिलिकॉन नायट्राइड चुंबकाला दाद देत नाही. तरी माझी खात्री पुरेशी नव्हे म्हणून मायक्रोमीटरनं व्यास घेतला, ३.५ मिमी, आणि गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर नऊ छर्रे एकत्र तोलले. वजन १.५८ ग्रॅम भरलं. त्याच मापाचे नऊ सिरॅमिक छर्रे ०.६५ ग्रॅमच्या आसपास भरले असते. काट्याचा फोटो जोडला आहे.

पोलादी छर्रे वाईट असतात असं मी म्हणत नाही. कारखान्यातून आलेलं आमचं पहिलं बेअरिंग पोलादीच होतं आणि दोन हंगाम चाललं. पण पोलादी छर्रे काळे करून सिरॅमिक म्हणून विकणं ही फसवणूक आहे. ती आपण केली की आपल्याला माल देणाऱ्यानं, हे शोधणं आपलं काम. बेअरिंगचे छर्रे तपासायचे तर बेअरिंग तोडावं लागतं. ग्राहक ते घेण्याआधी करू शकत नाही. त्याच्या हातात असतं ते फक्त आपलं लेबल. या पाकिटावर तर ना बेअरिंगचा क्रमांक आहे, ना आयातदाराचं नाव, ना मूळ देश.

चुकीच्या बसवणीचा पुरावा कुठे दिसतो हेही सांगतो. बेअरिंग वाकडं बसलं तर रेसवर छर्ऱ्यांची वाट तिरकी उमटते. सैल बसलं तर बाहेरची रेस केसमध्ये फिरते आणि भोकात खुणा पडतात. आमच्या केसमध्ये एकही खूण नाही, आणि रेसवरची वाट मधोमध, सरळ आहे. पाहिजे तर आपला माणूस पाठवा, किंवा मी केस घेऊन येतो. सगळे भाग पिशवीत नावं लिहून ठेवले आहेत.

माझ्या मागण्या :

बेअरिंगची पूर्ण किंमत परत करावी. पिस्टन-स्लीव्ह सेट आणि क्रँकशाफ्ट यांची किंमत सोबतच्या कोटेशनप्रमाणे द्यावी. या लॉटची विक्री आजच थांबवावी आणि ज्यांनी ते घेतलं आहे त्यांना कळवावं, कारण बरीच मुलं तिच्यासारखीच पैसे साठवून भाग घेतात. आणि बसवणीत चूक झाली हे आपलं विधान लेखी मागे घ्यावं, माझ्या मुलीच्या नावानं.

शेवटची मागणी पैशांची नाही म्हणून बाजूला ठेवू नये. आपलं उत्तर आल्यापासून तिनं टूलबॉक्स उघडलेला नाही. छर्रे तोलून आकडा दाखवला तरी तिचं म्हणणं एकच : कंपनी म्हणते म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असेल.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात होणं अपेक्षित आहे. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक, पिंपरी-चिंचवड

सोबत : पावती, आपलं उत्तर, वस्तूच्या पानाचे व पाकिटाचे फोटो, बेअरिंग-पिस्टन-स्लीव्ह-रेसचे फोटो, काट्याचा फोटो, सुट्या भागांचं कोटेशन.