विषय : कोरी एसएसडी, ईएक्सईत कोंडलेला ड्रायव्हर आणि ‘ट्रबलशूटिंगला नकार’ हा खोटा शेरा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

कालच्या चौथ्या कॉलनंतर हे पत्र लिहीत आहे. तक्रार क्रमांक आणि सिरियल नंबर ई-मेलच्या वर आहेतच. बाकी हकिकत तुमच्या नोंदीत असायला हवी होती. पण नोंदीत जे आहे ते खोटे आहे, म्हणून खरे काय ते इथे लिहितो.

लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी डिस्क, वॉरंटीत बदलून मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्यापुढची आहे. तुमच्या इंजिनिअरने जुनी एसएसडी काढली, ५१२ जीबीची नवी, एनव्हीएमई प्रकारची एसएसडी बसवली, झाकण लावले, सही घेतली आणि ‘ओएस तुम्ही टाकून घ्या’ म्हणून निघून गेला. नवी एसएसडी म्हणजे कोरी पाटी. तिच्यावर विंडोज नाही आणि विंडोज परत टाकून देणारा तुमचा राखीव भाग, म्हणजे रिकव्हरी पार्टिशनही नाही, कारण ते जुन्या एसएसडीवर होते. तरी दुसऱ्या कॉलवर मला तीन वेळा सांगितले गेले की ‘रिकव्हरीची की दाबून ठेवा, आपोआप सुरू होईल’. तुमच्याच माणसाने पिशवीत घालून नेलेले पार्टिशन कळ दाबून परत कसे येणार, हे त्या वेळी विचारायचे राहून गेले. आता विचारतो.

मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज ११ चा पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर तयार केला होता. किमान ८ जीबीचा लागतो, माझा ३२ जीबीचा होता. सेटअप सुरू झाला, ‘कुठे इन्स्टॉल करायचे’ या पडद्यावर आला आणि म्हणाला की एकही ड्राइव्ह सापडत नाही, स्टोरेज ड्रायव्हर (विंडोजला डिस्क ओळखायला लावणारे सॉफ्टवेअर) द्या. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, मात्र एसएसडीचे नाव आणि मॉडेल नंबर ठणठणीत दिसत होते. बायॉसला दिसते आणि सेटअपला दिसत नाही, याचा अर्थ या मॉडेलवर एकच आहे, आणि तो तुमच्या अभियंत्यांना माझ्या आधी ठाऊक असणार : इंटेलचे व्हीएमडी चालू आहे. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरांत एनव्हीएमई ड्राइव्ह या व्हीएमडी कंट्रोलरच्या मागे जातो, आणि त्याचा ड्रायव्हर मिळाल्याशिवाय सेटअपला पलीकडचे काही दिसत नाही. कारखान्यातून मशीन निघतानाच तुम्ही ते चालू ठेवता. मुळात त्याचे मोठे काम रेडचे, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याचे. एकच एसएसडी बसणाऱ्या लॅपटॉपमध्ये रेड कशाचे करणार, हा प्रश्न बाजूला ठेवू.

चालू ठेवता ते ठेवा, पण मग ड्रायव्हर नीट द्या. तुमच्या डाउनलोडच्या पानावर तो ईएक्सई फाइलच्या रूपात आहे. सेटअपला ईएक्सई चालत नाही, त्याला ड्रायव्हरची माहिती असलेली सुटी आयएनएफ फाइल लागते. ईएक्सई उघडायला विंडोज लागते, आणि विंडोज टाकायला ती ईएक्सई लागते. शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडावी, तर ती मॉडेल तपासते आणि ‘ही सिस्टीम सपोर्टेड नाही’ म्हणून बंद होते. घराची किल्ली घरात आणि दाराला बाहेरून कुलूप, असा हा प्रकार आहे.

आता तिसऱ्या कॉलबद्दल. हा भाग सविस्तर लिहितो, कारण तुमच्या नोंदीत त्याची एकच ओळ आहे.

तुमच्या प्रतिनिधीने सांगितले, ‘सर, शिफ्ट आणि एफ-टेन दाबा.’ या लॅपटॉपवर एफएन सोबत दाबावे लागते, ते मीच त्यांना सांगितले. काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडली. ‘डिस्कपार्ट टाइप करा. आता लिस्ट डिस्क.’ केले. ‘किती डिस्क दिसतात?’ एकच. ‘नंबर?’ शून्य. ‘ओके सर, आता सिलेक्ट डिस्क झिरो, आणि मग क्लीन.’

मी म्हटले, एक मिनिट. डिस्क शून्यचा आकार २८ जीबी दिसतोय. ५१२ जीबीची एसएसडी इथे ४७६ जीबी दिसते. ही एसएसडी नाही, माझा पेन ड्राइव्ह आहे, ज्यावरून आत्ता सेटअप चाललाय.

‘सर, डिस्क झिरो म्हणजे नेहमी इंटर्नल असते.’

मी सांगितले, इंटर्नल दिसत असेल तर बहुतेक वेळा तिलाच शून्य मिळतो. इथे ती दिसतच नाही, म्हणून जी एकमेव डिस्क उरली तिला शून्य मिळाला. नंबर हा हजेरीचा असतो, हुद्द्याचा नाही.

‘सर, कधीकधी साइज चुकीचा दाखवतो. तुम्ही क्लीन करा, मग दिसेल.’

क्लीन केले की पेन ड्राइव्हवरचे पार्टिशन जाईल. सेटअपचा गाभा रॅममध्ये चढलेला असतो, त्यामुळे डिस्कपार्ट अडवणारही नाही, गुमान पुसून टाकेल. आणि त्यानंतर काय, एसएसडी प्रकट होणार का?

इथे पावणेदोन मिनिटे संगीत वाजले. मग तेच प्रतिनिधी परत आले आणि म्हणाले, ‘सर, मी सीनिअरशी बोललो. प्रोसीजर हीच आहे. तुम्ही स्टेप फॉलो करणार नसाल तर आम्ही पुढे मदत करू शकत नाही.’

मी साध्या मराठीत विनंती केली की व्हीएमडीचा ड्रायव्हर झिपमध्ये मेल करा, आयएनएफसकट. उत्तर आले : ‘सर, व्हीएमडी म्हणजे काय? अँटीव्हायरस आहे का?’

त्यानंतर कॉल संपला, आणि दहा मिनिटांत तक्रार बंद झाल्याचा संदेश आला. शेरा : ‘कस्टमर रिफ्यूज्ड ट्रबलशूटिंग.’

म्हणजे चूक पकडली हा माझा गुन्हा. फोनवर त्या खिडकीचा आकडा वाचून दाखवणारा मी, आणि नकार देणाराही मीच. उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर निदान शेळ्या किती आहेत ते तरी मोजावे. प्रतिनिधीवर वैयक्तिक राग नाही; त्यांच्यासमोर जो कागद आहे त्यात ‘आकार विचारा’ ही ओळ नाही, आणि तो कागद तुमचा आहे. सांगितलेले निमूटपणे करणाऱ्या ग्राहकाचा सेटअप जातो, पुन्हा चार-पाच जीबी डाउनलोड करावे लागते. आणि ज्याच्या यूएसबीला त्या वेळी बॅकअपची हार्ड डिस्क लावलेली असते आणि तीच शून्य नंबरला येते, त्याचे काय जाते ते तुम्हीच ठरवा. क्लीनला ‘खात्री आहे का’ असे विचारायचीही सवय नाही.

चौथ्या कॉलवर सीनिअर भेटले. त्यांचे निदान : मदरबोर्ड गेला आहे, अडीच हजार रुपये भरून तपासणी करा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बरे, बोर्ड बदलला असता तर? विंडोजची की बोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये असते आणि डिजिटल लायसन्सही त्याच बोर्डाशी बांधलेले असते. नव्या बोर्डावर सेवा केंद्राने की पुन्हा चढवली नाही तर अ‍ॅक्टिव्हेशन अडते. म्हणजे एका ड्रायव्हरपायी बोर्ड गेला असता, बोर्डाबरोबर लायसन्स गेले असते, आणि पाचव्या कॉलवर तुम्ही मला विंडोज विकत घ्यायला सांगितले असते.

प्रत्यक्षात काम असे झाले, तुमच्या उपयोगासाठी लिहितो. इंटेलचे सेटअपआरएसटी हे मूळ ड्रायव्हर पॅकेज दुसऱ्या मशीनवर घेऊन कमांड प्रॉम्प्टमध्ये एक्स्ट्रॅक्ट-ड्रायव्हर्स हा पर्याय लावून उलगडले. त्यातला व्हीएमडीचा फोल्डर, आतल्या आयएनएफ, कॅट आणि सिस फायलींसकट, त्याच पेन ड्राइव्हवर ठेवला. सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर, फोल्डर निवडला. बाराव्या पिढीच्या या मशीनला यादीतले ‘४६७एफ’ लागते, अकराव्या पिढीला ‘९ए०बी’. नेक्स्ट दाबले आणि ४७६ जीबीची एसएसडी समोर. विसेक मिनिटांचे काम. त्यात डिस्कपार्ट कुठेही नाही.

तुमच्या वेबसाइटवर यावर एक मदतलेख आहे, हे मान्य. तो ड्रायव्हरचे नावही काढत नाही, थेट ‘बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करा’ सांगतो. बंद केले की एसएसडी दिसते, हे खरे. पण व्हीएमडी बंद असताना टाकलेल्या विंडोजमध्ये तो ड्रायव्हर नसतो. सहा महिन्यांनी कोणी बायॉसचे डिफॉल्ट लोड केले, आणि तुमचे इंजिनिअर ते नमस्कार केल्यासारखे करतात, की व्हीएमडी पुन्हा चालू होते आणि मशीन ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’च्या निळ्या पडद्यावर अडकते. मग पुन्हा कॉल, पुन्हा ‘मदरबोर्ड गेला’. उलटेही तेच : व्हीएमडी चालू असताना टाकलेल्या विंडोजवर नुसते व्हीएमडी बंद केले तरी तोच पडदा. लेखात याची एका शब्दाने सूचना नाही.

बरं, एसएसडी दिसल्यावर तरी सुटका? नाही. विंडोज चढले, पण वाय-फायचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या मीडियात नाही, आणि सेटअप नेटवर्कशिवाय पुढे जायला तयार नाही. तुमच्या लॅपटॉपला लॅनचे पोर्ट नाही. पहिल्या कॉलवर सांगितले होते, ‘इंटरनेट जोडा, ड्रायव्हर आपोआप येतील.’ इंटरनेट ज्याने जोडायचे तोच ड्रायव्हर नाही! शेवटी अँड्रॉइड फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंगवर काम भागले. टचपॅडही सिरियल आयओचा, म्हणजे टचपॅडसारखे भाग जोडणारा, ड्रायव्हर येईपर्यंत मेलेले होते, म्हणून यूएसबी माउस हाताशी ठेवावा लागतो. यातले एकही वाक्य तुमच्या कागदात नाही. ड्रायव्हरच्या पानावर फायलींची लांबलचक रांग आहे. आधी चिपसेट, मग सिरियल आयओ, मग बाकीचे, असा क्रम कुठेही दिलेला नाही.

आणि तयारीबद्दल. एसएसडी बदलण्याआधी तुमचा संदेश आला : ‘कृपया बॅकअप घ्यावा.’ संपले. मराठी डीटीपीवर पोट असलेल्याला हे तीन शब्द पुरत नाहीत. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत केलेली फाइल फाँट नसलेल्या मशीनवर उघडली की लग्नपत्रिकेच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. आणि विंडोज १० पासून फाँट दोन ठिकाणी असू शकतात : विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये, आणि ‘फक्त माझ्यासाठी’ टाकलेले असतील तर युजरच्या अ‍ॅपडेटा लोकलमध्ये, जो फोल्डर लपलेला असतो. दुसरे म्हणजे चालू मशीनवरूनच ड्रायव्हर काढून ठेवता येतात; पीएनपी-युटिलची एक्स्पोर्ट-ड्रायव्हर ही एक कमांड सगळे एका फोल्डरात देते. ती ओळ तुमच्या संदेशात असती तर व्हीएमडी आणि वाय-फाय दोन्हीचा प्रश्न उद्भवलाच नसता. तिसरे, बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची, ४८ आकडी रिकव्हरी की. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की नवे विंडोज ११ बऱ्याच मशीनवर न विचारता एन्क्रिप्शन चालू करते, आणि बायॉसमध्ये जरा हात घातला की की मागते. जुनी एसएसडी तुम्ही परत देत नाही, तेव्हा तिच्यावर एन्क्रिप्शन होते की नव्हते हा ग्राहकाच्या दृष्टीने छोटा प्रश्न नाही. तुमच्या माणसाने तो विचारलाच नाही.

मला काय हवे आहे : तो शेरा नोंदीतून काढा आणि काढल्याचे लेखी कळवा. ‘ट्रबलशूटिंगला नकार’ मी दिलेला नाही, तुम्ही सांगितलेल्या चुकीला दिला आहे. पुढच्या वॉरंटी दाव्यात हाच शेरा माझ्या तोंडावर फेकला जाणार, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. व्हीएमडीचा ड्रायव्हर झिपमध्ये, आयएनएफसकट, मॉडेलच्या पानावर ठेवा. मदतलेख दुरुस्त करा. आणि डिस्कपार्ट सांगणाऱ्या प्रत्येकाच्या कागदात क्लीनच्या आधी एक प्रश्न घाला : ‘आकार किती दिसतो?’

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार जाईल, आणि नंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी म्हणून ई-जागृती या पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही, तेव्हा ‘एवढ्यासाठी कोण जातो’ या भरवशावर राहू नका. ‘व्यावसायिक वापर’ म्हणून हात झटकण्याचाही प्रयत्न करू नये. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू त्या कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येबाहेर जात नाही.

तुमच्या यंत्राचा कीबोर्ड आणि पडदा अजूनही या किमतीत इतरांपेक्षा बरा आहे, म्हणून जास्त वाईट वाटते. पुढचे दोन लॅपटॉप याच कंपनीचे घ्यायचे होते. आता नाही.

फोन करू नये. उत्तर ई-मेलवरच द्यावे. शेरा काढेपर्यंत तक्रार बंद करू नये.

आपला,
एक ग्राहक (नकार न दिलेला)

सोबत : १) तक्रार बंद केल्याच्या संदेशाची प्रत. २) तिसऱ्या कॉलच्या वेळी काढलेला, लिस्ट डिस्कच्या पडद्याचा फोटो. ‘२८ जीबी’वर लाल गोल केला आहे.