गोळ्या आयुष्यभराच्या, हेही छापा

महोदय,

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर ६० किलो वजन घटवलेल्या सोलापूरकराची यशकथा आपल्या अंकात वाचून आनंद झाला. पण पुढच्या पथ्यांबद्दल तीत एक ओळही नव्हती. लठ्ठपणावरील ‘स्लीव्ह’ नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. खाणे घटते, बी-१२ जीवनसत्त्वासारख्या घटकांचे शोषणही. म्हणून जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम आयुष्यभर घ्यावे लागते आणि दरवर्षी रक्ततपासणी लागते.

ही शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या थोरल्या बहिणीला चतकोर भाकरी वरणात कुस्करून खायला अर्धा तास लागतो. वजन उतरल्यावर ‘आता मी बरी आहे’ म्हणत तिने गोळ्या सोडल्या. पुढे कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले, पायांना मुंग्या येऊन चप्पल निसटलेलीही कळेना. बी-१२ फार खाली गेले होते. डिस्चार्जच्या इंग्रजी कागदावर गोळ्यांची नावे होती. त्या कायमच्या आहेत, हे आम्हाला कोणी समजावले नव्हते.

रुग्णालयांनी हे मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावे आणि आपणही अशा बातमीसोबत ते चौकटीत छापावे, ही विनंती.

– एक वाचक, जुळे सोलापूर